पृथ्वीचे परिवलन : बदलता वेग, ढळता अक्ष आणि त्यांचे मापन

चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी हे गाव २० अंश ३७ कला उत्तर अक्षांश व ७९ अंश ५१ कला पूर्व रेखांश यांच्या आसपास वसलेले आहे, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे, म्हणजे स्वतःच्या अक्षाभोवती फिरण्यामुळे, ते सेकंदाला सुमारे ४३५ मीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. हा वेग सदैव सारखा राहतो काय, आणि ज्या अक्षाभोवती हे फिरणे घडते तो अक्ष तरी पृथ्वीच्या अंगात एकाच जागी खिळलेला आहे काय, या दोन प्रश्नांनी गेल्या तीन शतकांत खगोलशास्त्र, भूभौतिकी आणि घड्याळांची विद्या यांना एकत्र आणले. दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. दिवसाची लांबी मिलिसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या, प्रमाणात सतत कमीजास्त होते. ध्रुव काही मीटरांच्या वर्तुळात भटकतो. आणि हे बदल हवा, समुद्र, हिम, भूजल व पृथ्वीच्या पोटातील वितळलेले लोखंड यांच्या हालचालींची नोंद असतात. प्रस्तुत लेखात या बदलांची कारणे, त्यांच्या मापनाच्या पद्धती आणि महाराष्ट्राचा, त्यातही विदर्भाचा, या विषयाशी असलेला संबंध यांचा आढावा घेतला आहे.

परंपरा आणि पूर्वपीठिका

भारतीय कालगणनेत अहोरात्राच्या, म्हणजे दिवस व रात्र मिळून होणाऱ्या काळाच्या, ६० घटका, घटकेची ६० पळे आणि पळाचे ६ प्राण मानले जात. त्यामुळे अहोरात्रात २१,६०० प्राण येतात, आणि वर्तुळाच्या ३६० अंशांतही नेमक्या तितक्याच कला असतात. इसवी सन ४७६ मध्ये जन्मलेल्या आर्यभटाने आकाशाचा गोल फिरत नसून पृथ्वीच फिरते असे मांडले, आणि ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात तिचे १,५८,२२,३७,५०० फेरे होतात असा आकडा दिला. या आकड्यावरून ताऱ्यांच्या संदर्भातील एक फेरा, ज्यास नाक्षत्र दिन म्हणतात, २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंदांचा येतो, आणि आधुनिक मापाशी तो सेकंदाच्या अत्यल्प अंशाइतकाच फरक दाखवतो. पुढच्या अनेक ज्योतिषांनी पृथ्वी फिरते हे मत नाकारले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाने अशा मतांचा इतिहास मराठीत प्रथमच साकल्याने मांडला. मात्र फिरणारे आकाश असो वा पृथ्वी, तो फेरा अचल गतीचा आहे याविषयी कोणत्याही पक्षास शंका नव्हती, कारण त्या फेऱ्याहून अचूक असे दुसरे घड्याळच कोणाकडे नव्हते. पाण्यात तरंगणारे, बुडाशी छिद्र असलेले घटिकापात्र शेवटी सूर्याशीच ताडून पाहावे लागे.

परिवलनाचा पृथ्वीच्या आकारावर होणारा परिणाम शोधण्याच्या कामात विदर्भाचा वाटा थेट आहे. फिरण्यामुळे पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली असून तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटर अधिक आहे. हा फुगवटा किती, हे ठरवण्यासाठी विल्यम लॅम्बटन यांनी ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास दक्षिणेकडून उत्तरेकडे जो महाचाप मोजण्यास घेतला, त्याचे काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. हिंगणघाट हे ब्रह्मपुरीच्या जवळजवळ त्याच अक्षांशावर, पण एका अंशाहून किंचित अधिक पश्चिमेला असल्याने तेथे मध्यान्ह ब्रह्मपुरीपेक्षा सुमारे चार मिनिटे उशिरा होते. स्थळ आणि काळ यांचे हे नाते परिवलनाच्या सर्व मापनांच्या मुळाशी आहे : वेळेत एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे ब्रह्मपुरीच्या जागेत सुमारे ४३ सेंटीमीटरांची चूक.

अक्षाच्या दोन गती

अक्षाच्या हालचालीचे दोन प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात अक्षाची अवकाशातील दिशा बदलते. चंद्र व सूर्य विषुववृत्तावरील फुगवट्यास ओढत असल्याने अक्ष भोवऱ्याच्या दांड्याप्रमाणे सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरी घेतो. यालाच संपातचलन म्हणतात, आणि मकरसंक्रांत इंग्रजी तारखेच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते ती यामुळेच. या संथ गतीवर १८.६ वर्षांची एक बारीक थरथर असते, तिला अक्षांदोलन म्हणतात, आणि जेम्स ब्रॅडली यांनी ती १७४८ मध्ये जाहीर केली.

दुसरा प्रकार म्हणजे ध्रुवचलन, ज्यात अक्षाची टोके पृथ्वीच्याच पृष्ठभागावर सरकतात. लिओनहार्ट ऑयलर यांनी अठराव्या शतकात असे दाखवले, की पृथ्वी पूर्णपणे ताठर असेल आणि तिचा अक्ष आकाराच्या अक्षाशी तंतोतंत जुळत नसेल, तर ध्रुव ३०५ दिवसांत एक फेरी घेईल. शंभराहून अधिक वर्षे ३०५ दिवसांचे हे आवर्तन शोधूनही सापडले नाही. १८८८ मध्ये फ्रीड्रिख क्यूस्टनर यांनी बर्लिनचा अक्षांश बदलत असल्याचे दाखवले, आणि १८९१ मध्ये सेठ कार्लो चँडलर यांनी हे आवर्तन सुमारे ४२७ दिवसांचे असल्याचे सिद्ध केले. पृथ्वी लवचीक आहे व तिच्यावर समुद्र आहेत, म्हणून हा काळ वाढतो, हे स्पष्टीकरण सायमन न्यूकम यांनी लवकरच दिले. हवा व समुद्र यांच्या दाबातील बदल हे आंदोलन जिवंत ठेवतात. तसे नसते, तर ते काही दशकांत विरून गेले असते.

या शोधाचा एक परिणाम असा, की कोणत्याही गावाचा अक्षांश काटेकोर अर्थाने कायमचा नसतो. ब्रह्मपुरीत मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या शून्य सावलीच्या दिवसावरून गावाचा अक्षांश ढोबळमानाने काढता येतो, पण ध्रुवचलनाने त्यात पडणारा फरक विकलेच्या, म्हणजे कलेच्या साठाव्या भागाच्या, काही दशांशांचा असतो, आणि एका विकलेचा दहावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे तीन मीटर होतात. इतका सूक्ष्म फरक टिपण्यासाठी १८९९ मध्ये आंतरराष्ट्रीय अक्षांशसेवा सुरू झाली. जपान, मध्य आशिया, इटली व अमेरिका येथील सहा केंद्रे ३९ अंश ८ कला या एकाच अक्षांशावर मुद्दाम निवडण्यात आली, जेणेकरून सर्वांनी तेच तारे पाहावेत आणि ताऱ्यांच्या स्थानांतील चुका परस्परांत वजा व्हाव्यात.

मंदावणारा फेरा

वेगातील बदलाचा पहिला संशय चंद्रावरून आला. एडमंड हॅली यांनी १६९५ मध्ये जुन्या ग्रहणांच्या नोंदी तपासून चंद्राची गती वाढत असल्याचे सुचवले. त्यातील काही भागाचे कारण लाप्लास यांनी कक्षेतील बदलांत शोधले, परंतु जॉन अ‍ॅडम्स यांनी १८५३ मध्ये ते स्पष्टीकरण निम्मेच पुरते असे दाखवले. उरलेला भाग चंद्राच्या गतीचा नसून तो मोजणाऱ्या घड्याळाचा, म्हणजे पृथ्वीचा, दोष आहे, हे डेलोने यांनी १८६५ मध्ये मांडले. इमान्युएल कांट यांनी त्याचे तत्त्व १७५४ मध्येच सांगितले होते. चंद्राच्या ओढीने समुद्राला जो फुगवटा येतो, त्यास फिरणारी पृथ्वी आपल्याबरोबर थोडी पुढे नेते. चंद्र त्याला मागे खेचतो, आणि खंभातच्या आखातासारख्या उथळ पाण्यांत भरती-ओहोटीचे घर्षण होऊन पृथ्वीचा वेग खर्ची पडतो. पृथ्वीने गमावलेला हा फिरण्याचा साठा चंद्राकडे जातो, आणि तो दर वर्षी ३.८ सेंटीमीटर दूर सरकतो. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर १९६९ पासून लेसर किरण पाठवून हे अंतर मोजले जात आहे.

मंदावण्याचा वेग ठरवण्यास जुनी ग्रहणे फार उपयोगी पडतात. इसवी सनापूर्वी १३६ मध्ये, १५ एप्रिल रोजी, बाबिलोन येथे खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मृत्तिकापट्टांवर आहे. दिवसाची लांबी तेव्हापासून आजवर एकसारखी राहिली असे धरून गणित केले, तर त्या ग्रहणाची सावली बाबिलोनच्या सुमारे ४९ अंश पश्चिमेकडून जायला हवी होती. या ४९ अंशांचे वेळेत रूपांतर केले, तर पृथ्वीचे घड्याळ सव्वातीन तासांनी मागे पडल्याचे दिसते. रिचर्ड स्टीफन्सन, लेस्ली मॉरिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये इसवी सनापूर्वी ७२० पासूनच्या नोंदी एकत्र करून दिवसाची लांबी शतकाला सरासरी १.७८ मिलिसेकंदाने वाढते असा निष्कर्ष काढला. एवढ्या अल्प वाढीतून तासांचा फरक पडतो, कारण प्रत्येक दिवसाची तूट आधीच्या तुटीत मिळत जाते आणि दोन हजार वर्षांत असे सात लाखांवर दिवस होतात.

केवळ भरतीच्या घर्षणाचा हिशेब केला, तर ही वाढ शतकाला सुमारे २.३ मिलिसेकंद असायला हवी. मग अर्धा मिलिसेकंद कोठे जातो? हिमयुगात कॅनडा व उत्तर युरोप यांवर साचलेल्या बर्फाच्या ओझ्याने दबलेली जमीन बर्फ वितळल्यावर हजारो वर्षे हळूहळू वर येत आहे. त्यामुळे पृथ्वीचा चपटेपणा कमी होऊन वस्तुमान अक्षाच्या जवळ येते आणि फिरणे किंचित जलद होते. फुगडी घालणाऱ्या मुली अंग बाहेर झोकून फिरताना पाय जवळ घेऊन सरळ झाल्या की गिरकी वाढते, तेच तत्त्व येथे लागू पडते.

याहून जुन्या काळाची साक्ष जीवाश्म देतात. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातील पोवळ्यांच्या रोजच्या वाढरेषा मोजून तेव्हाच्या वर्षात सुमारे ४०० दिवस असल्याचे दाखवले. ओमान येथील सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या एका शिंपल्यावरील २०२० च्या अभ्यासातून वर्षाचे ३७२ दिवस व दिवसाचे साडेतेवीस तास असे माप मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील पिसदुरा येथे ज्या डायनोसॉरांची हाडे सापडली, ते त्याच क्रिटेशियस कालखंडाच्या अखेरीस वावरत होते. म्हणजेच त्यांनी पाहिलेला दिवस आजच्यापेक्षा सुमारे अर्ध्या तासाने आखूड होता.

हवा, मोसमी पाऊस आणि पृथ्वीचे पोट

ग्रहणे व जीवाश्म शतकांचे व युगांचे बदल दाखवतात. ऋतूंचे बदल दिसण्यास चांगले घड्याळ लागते. १९३० च्या दशकातील क्वार्ट्झ घड्याळांनी, विशेषतः पॅरिस येथील निकोलास स्टॉयको यांच्या १९३७ च्या कामाने, पृथ्वी वर्षभर एकसारखी फिरत नाही हे दाखवले. १९५५ मध्ये लुई एसेन व जॅक पॅरी यांनी इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष वापरता येईल असे सीझियम अणूचे पहिले घड्याळ चालू केले, आणि १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच बदलली : सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांना लागणारा काळ म्हणजे एक सेकंद. त्या दिवसापासून पृथ्वी कालमापनाचा आधार राहिली नाही. ती स्वतःच मोजली जाऊ लागली.

हवा आणि घन पृथ्वी मिळून फिरण्याचा एकूण साठा, ज्यास कोनीय संवेग म्हणतात, कायम राहतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे बळावले की तो साठा हवेकडे जाऊन पृथ्वी मंदावते, आणि ते क्षीण झाले की पृथ्वी वेग घेते. उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात असे वारे दुबळे होतात, शिवाय मोसमी पावसाच्या महिन्यांत दक्षिण भारतावरून उंच पातळीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा वायुस्रोत वाहतो. त्यामुळे ब्रह्मपुरीच्या शेतात रोवणी चालू असते त्या जुलै-ऑगस्टमध्ये वर्षातील सर्वांत आखूड दिवस येतात. येथे आखूड हा शब्द उजेडाच्या काळाविषयी नसून पूर्ण फेऱ्याविषयी आहे, आणि हंगामी चढउताराचा पल्ला सुमारे एका मिलिसेकंदाचा आहे. प्रशांत महासागरातील एल निनोच्या वर्षांत पश्चिमी वारे जोर धरतात व दिवस लांबतो. १९८२-८३ च्या एल निनोत हा परिणाम ठळकपणे दिसला.

दशकांच्या अवधीत दिसणारे काही मिलिसेकंदांचे चढउतार मात्र वाऱ्याने समजावून देता येत नाहीत. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखाली वितळलेल्या लोखंडाचा गाभा वाहत असतो, आणि त्याच्या व वरच्या कवचाच्या परस्परांवरील ओढीतून हे बदल घडतात असे आज मानले जाते. गाभा डोळ्यांनी दिसत नाही. त्याची हालचाल पृथ्वीच्या चुंबकत्वातील बदलांवरून ताडावी लागते, आणि येथे महाराष्ट्राची जमेची बाजू मोठी आहे. कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये जहाजांच्या घड्याळांची वेळ तपासण्यासाठी व ताऱ्यांच्या वेधांसाठी स्थापन झाली, आणि तेथील चुंबकीय नोंदी १८४१ पासूनच्या आहेत. मुंबईतील ट्राम विजेवर चालणार हे ठरल्यावर त्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा उभी केली, आणि दोन्ही ठिकाणी १९०६ पर्यंत एकाच वेळी वेध घेऊन जुन्या मालिकेला नवी मालिका बिनखंड जोडली. आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या ताब्यात असलेली ही मालिका जगातील अशा दीर्घ मालिकांपैकी एक आहे. चुंबकत्वाच्या बदलाचा कल कधी कधी एकाएकी वळतो, त्याला चुंबकीय झटका म्हणतात, आणि १९६९ च्या सुमाराचा झटका जगभर नोंदला गेला. रिचर्ड होम व ओलिव्हिए द व्हिरों यांनी २०१३ मध्ये दिवसाच्या लांबीतील सुमारे सहा वर्षांच्या आवर्तनाचा अशा झटक्यांशी मेळ असल्याचे दाखवले.

आजची मापनसाधने

पृथ्वी किती फिरली हे सांगण्यासाठी तिच्याबाहेरची न हलणारी खूण लागते, आणि विश्वातील सर्वांत स्थिर खुणा म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेले क्वासार, म्हणजे प्रखर रेडिओ लहरी सोडणारी दीर्घिकांची केंद्रे. हजारो किलोमीटर अंतरावरील दोन रेडिओ दुर्बिणी एकाच क्वासारची लहर अणुघड्याळाच्या साक्षीने टिपतात, आणि ती दोन ठिकाणी पोहोचण्यातील वेळेच्या फरकावरून त्या दुर्बिणींना जोडणाऱ्या रेषेची अवकाशातील दिशा ठरते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या सुमारे २५ किलोमीटरांत पसरलेल्या आहेत. लहरींची तुलना करण्याचे तेच तत्त्व तेथे आकाशाचे चित्र काढण्यास वापरले जाते, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळेच मोजक्या थाळ्या मोठ्या दुर्बिणीचे काम करू शकतात. खंडव्यापी मापनात हेच तत्त्व उलट दिशेने लावले जाते : आकाश ठाऊक धरून पृथ्वीचे फिरणे काढतात. त्यातून परिवलनाचा कोन सेकंदाच्या सुमारे एक लक्षांश भागाइतका अचूक मिळतो, आणि ब्रह्मपुरीच्या अक्षांशावर त्याचा अर्थ चार मिलिमीटर असा होतो.

उपग्रहांच्या पद्धती या कामास पूरक आहेत. १९७६ मध्ये सोडलेला लॅजिऑस हा सुमारे ६० सेंटीमीटर व्यासाचा, ४२६ परावर्तकांनी मढवलेला गोळा लेसरने मोजला जातो, तर दिशादर्शक उपग्रहांचे संकेत जगभरातील शेकडो स्थानके अहोरात्र टिपतात आणि ध्रुवाची जागा काही मिलिमीटरांपर्यंत सांगतात. तथापि उपग्रहांच्या कक्षा स्वतःही अवकाशात हळूहळू वळत असल्याने पृथ्वी वळली की कक्षा वळली हे त्यांना दीर्घकाळ वेगळे सांगता येत नाही, आणि परिवलनाच्या कोनासाठी क्वासारांना पर्याय उरत नाही. बव्हेरियातील व्हेट्झेल येथे जमिनीखाली बसवलेल्या, चार मीटर बाजूच्या चौरस लेसर-वलयाने आकाशाकडे न पाहताच परिवलनाच्या वेगातील बदल मोजण्यात यश मिळवले आहे. या सर्व मापनांची सांगड १९८८ पासून कार्यरत असलेली आंतरराष्ट्रीय पृथ्वी परिवलन सेवा घालते, आणि तिचे आकडे नसतील तर अवकाशयानांना दिशा देणे वा दिशादर्शक उपग्रहांच्या कक्षा काढणे शक्य होणार नाही.

पाण्याचा हिशेब

गेल्या दोन दशकांत या विषयाचे केंद्र पाण्याकडे सरकले आहे. मार्च २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस नावाच्या उपग्रहजोडीने आपसांतील अंतराच्या सूक्ष्म बदलांवरून पृथ्वीवरील वस्तुमानाची हालचाल मोजली, आणि राजस्थान, पंजाब व हरियाणा या पट्ट्यातून २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरेंद्र अधिकारी व एरिक आयव्हिन्स यांनी २०१६ मध्ये दाखवले, की २००० च्या सुमारास ध्रुवाचे सरकणे पूर्वेकडे वळण्यात ध्रुवीय हिमाबरोबरच भारतीय उपखंड व कास्पियन परिसरातील पाण्याच्या घटीचाही वाटा आहे. की-वेओन सेओ व सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासानुसार १९९३ ते २०१० या काळात उपसलेल्या २,१५० अब्ज टन भूजलामुळे ध्रुव सुमारे ८० सेंटीमीटर सरकला.

कोठले पाणी हलले यावर परिणाम अवलंबून असतो. विषुववृत्तावर वा ध्रुवावर वस्तुमान कमी झाले तर ध्रुव जवळजवळ हलत नाही. ४५ अंश अक्षांशावर परिणाम सर्वाधिक असतो, आणि ब्रह्मपुरीच्या अक्षांशावर तो त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले व पुढे मालगुजारांकडे गेलेले तलाव, ज्यांना आज मामा तलाव म्हणतात, ब्रह्मपुरीच्या परिसरात, म्हणजे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, हजारोंनी आहेत, आणि धानासाठी पावसाचे पाणी जागीच अडवणे हे त्यांचे काम आहे. असा एक तलाव ध्रुव हलवत नाही. परंतु उपसलेले भूजल अखेर समुद्रात जाते आणि अडवलेले पाणी जमिनीवर राहते, हा ज्या ताळेबंदाचा नियम आहे, त्यात झाडीपट्टी व पंजाब दोन्ही आहेत.

वितळलेले हिम ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे जात असल्याने फुगवटा वाढून दिवसही लांबतो. मुस्तफा कियानी शाहवंदी व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार या कारणाने होणारी वाढ २००० नंतर शतकाला १.३३ मिलिसेकंद झाली असून, उत्सर्जन अनिर्बंध राहिल्यास शतकाच्या अखेरीस ती २.६२ पर्यंत, म्हणजे चंद्राच्या परिणामापेक्षाही पुढे, जाऊ शकते.

अधिक सेकंदाचा प्रश्न

अणुघड्याळातील सेकंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दिवसाशी जुळणारा ठरला, आणि दिवस तेव्हापासून थोडा लांबला असल्याने घड्याळ व पृथ्वी यांत अंतर पडत जाते. ते बुजवण्यासाठी १९७२ पासून २७ वेळा एकेक अधिक सेकंद घातला गेला. शेवटचा सेकंद १ जानेवारी २०१७ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच वाजण्याच्या क्षणी घालण्यात आला, आणि भारताची प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तो आपल्या घड्याळांत मिळवला. त्यानंतर गाभ्यातील बदलांमुळे पृथ्वी पुन्हा वेगावली. ५ जुलै २०२४ चा दिवस २४ तासांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी आखूड भरला. डंकन अ‍ॅग्न्यू यांनी २०२४ मध्ये दाखवले, की हिम वितळले नसते तर सेकंद वजा करण्याची वेळ २०२६ मध्येच आली असती. संगणकांना अशा सेकंदाचा त्रास होत असल्याने मापनविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये ही पद्धत २०३५ पर्यंत थांबवण्याचा ठराव केला. ब्रह्मपुरीची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेदहा मिनिटे मागे असूनही तेथील व्यवहार अडत नाहीत. त्या मानाने काही सेकंदांचे अंतर समाज सहज पचवील. परंतु ते अंतर मोजण्याची गरज ठरावाने संपत नाही.

या विषयातील प्रत्येक मोठे उत्तर अशा नोंदींतून आले आहे, ज्या ठेवणाऱ्यांना त्यांचा पुढचा उपयोग ठाऊक नव्हता. बाबिलोनच्या लेखनिकांना पृथ्वी मंदावते हे माहीत नव्हते, आणि कुलाब्याच्या निरीक्षकांना गाभा वाहतो हे माहीत नव्हते. विहिरींची पातळी, तलावांचा साठा, ब्रह्मपुरीच्या हवामान वेधशाळेतील पाऊस व तापमान ही आजची तशीच नोंद आहे, आणि देशाच्या पाण्याचा पृथ्वीच्या अक्षावर परिणाम होतो हे सिद्ध झाल्यावर ती नेमाने ठेवणे हे विज्ञानाचेच काम ठरते. अशा नोंदींत खंड पडू देता कामा नये, कारण न घेतलेला वेध नंतरचे कोणतेही उपकरण भरून देऊ शकत नाही.